वाळूच्या टेकड्यांवर तट्टे कशासाठी सोडतात?

संरक्षित क्षेत्रात गुरे शिरली की आपल्याकडे वनरक्षक हटकतो, प्रसंगी दंडही होतो. ब्रिटनमध्ये, वेल्सच्या वायव्य टोकाला अँगलसी नावाचे बेट आहे आणि त्याच्या नैऋत्य कोपऱ्यात न्यूबरो वॉरन हा वाळूच्या टेकड्यांचा विस्तीर्ण पट्टा आहे. १९५५ पासून तो राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. तेथे मात्र राखीव क्षेत्र सांभाळणाऱ्यांनीच १९८७ पासून तट्टे चरायला सोडली. अलीकडच्या वर्षांत तर त्याच पट्ट्यात खोदाईयंत्रे लावून काही ठिकाणी हिरवळीचा थर खरवडून काढण्यात आला आणि समुद्राकडच्या रांगेत मुद्दाम खाचा पाडण्यात आल्या, वारा आत शिरावा आणि वाळू उडावी म्हणून.

चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे शब्द ऐकत मोठ्या झालेल्या महाराष्ट्रातील वाचकाला हा सगळा प्रकार उलटा वाटणे स्वाभाविक आहे. वाळू अडवण्यासाठी गवत लावायचे की गवत काढून वाळू मोकळी करायची? गुरांपासून निसर्ग वाचवायचा की गुरांकरवी? नेदरलँड्समधील शेतकरी २०१९ पासून ट्रॅक्टर घेऊन रस्त्यांवर का उतरत आले, हे ज्यांना बातम्यांतून नीट उलगडले नाही, त्यांनाही त्या भांडणाचा एक धागा याच टेकड्यांवर सापडेल.

टेकडी कशी उभी राहते

भरतीच्या रेषेच्या वर सुकलेली वाळू वाऱ्याबरोबर सरकू लागते आणि एखादा ओंडका, वाहून आलेला शेवाळाचा ढीग किंवा एखादे चिवट झुडूप आडवे आले की तेथे साचते. अंगणाच्या कडेला विटेच्या आडोशाने धुळीची लहानशी रांग तयार होते, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथील आडोसा जिवंत असतो आणि तो वाळूबरोबर वाढतो. युरोपच्या किनाऱ्यावर हे काम प्रामुख्याने मॅरम नावाचे उंच, ताठ गवत करते. ते वर्षाला जवळजवळ एक मीटर वाळूखाली गाडले गेले तरी त्यातून वर येते. किंबहुना त्याला गाडले जाणे मानवते. नवी वाळू यायची थांबली की मॅरम रोडावते, कारण जुन्या वाळूत त्याच्या मुळांना सतावणाऱ्या बुरश्या आणि सूत्रकृमी साचत जातात, हे डच संशोधकांनी दाखवून दिले आहे. नव्या वाळूचा प्रत्येक थर म्हणजे या गवतासाठी निरोगी जमीन असते.

समुद्राजवळच्या या पहिल्या रांगांना तिकडे पिवळ्या टेकड्या म्हणतात, कारण गवताच्या झुबक्यांमधून वाळू उघडी दिसते. त्यांच्या मागे, वाऱ्याचा जोर कमी झालेल्या भागात करड्या टेकड्या असतात. तेथे वाळू स्थिरावलेली असते आणि तिच्यावर शेवाळी, दगडफुले आणि बोटभर उंचीची फुलझाडे यांचा विरळ गालिचा असतो. टेकड्यांच्या मधोमध वाऱ्याने वाळू उकरत उकरत थेट भूजलापर्यंत नेलेली असते. ओली वाळू वाऱ्याला उचलत नाही, म्हणून उकरणे तेथेच थांबते. असे सपाट, हिवाळ्यात पाणी साठणारे आणि उन्हाळ्यात सुकणारे ओले खळगे हे या भूभागाचे खरे वैभव आहे. पाणथळीतली ऑर्किडे, विणीसाठी उथळ आणि उबदार डबकी शोधणारे नॅटरजॅक भेक, पेटलवर्ट नावाची सॅलडच्या पानासारखी दिसणारी इवलीशी वनस्पती, हे सारे या खळग्यांवर अवलंबून असतात.

पट्ट्याच्या आणखी मागे गेल्यास माती जाड होत जाते, शंखशिंपल्यांतला चुना पावसाने धुऊन जातो, जमीन हळूहळू आम्ल होते, मग झुडपे येतात आणि शेवटी झाडे. एकामागून एक वनस्पतिसमूह असे एकमेकांची जागा घेतात, याला वनस्पतिशास्त्रात अनुक्रमण म्हणतात. हेन्री चँडलर काउल्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये मिशिगन सरोवराच्या काठावरील टेकड्यांचा अभ्यास मांडला, तेव्हापासून वाळूच्या टेकड्या हे अनुक्रमणाचे पाठ्यपुस्तकी उदाहरण होऊन बसले आहे. किनाऱ्यापासून आत चालत जाणे म्हणजे काळात पुढे चालत जाणे, अशी ही कल्पना आहे. न्यूबरोची अडचण या कल्पनेतच दडलेली आहे. सगळीच टेकडी पुढच्या पायरीवर गेली आणि मागच्या पायऱ्या नव्याने तयार होणे थांबले, तर त्या पायऱ्यांवर राहणाऱ्यांनी जायचे कोठे?

सशांची वाडी

न्यूबरो म्हणजे नवे नगर. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२९५ मध्ये बोमॅरिस येथे किल्ला बांधायला घेतला आणि त्यासाठी तेथील लोकांना उठवून या कोपऱ्यात, रोसिर येथे आणून बसवले. त्या वसाहतीला पुढे हे नाव मिळाले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाला नवे गाव असे नाव देण्याची पद्धत केवळ आपल्याकडची नाही. १३३० च्या डिसेंबरात आलेल्या वादळाने या गावची बरीच जमीन वाळूखाली घातली. सोळाव्या शतकात पहिल्या एलिझाबेथच्या काळात मॅरम गवत तोडण्यावर निर्बंध घालण्यात आले. असे असले तरी त्याच गवताच्या चटया, दोर आणि टोपल्या विणण्याचा धंदा या गावाने विसाव्या शतकापर्यंत चालवला.

वॉरन हा शब्द सशांसाठी राखलेल्या जागेचा आहे. मराठीत ससेवाडी म्हणायला हरकत नाही. हे ससे म्हणजे आपल्या माळावर एकटा उड्या मारत जाणारा ससा नव्हे. ते बिळांत कळपाने राहणारे युरोपीय ससे आहेत आणि ब्रिटनमध्येही ते मूळचे नाहीत. बाराव्या शतकाच्या सुमारास नॉर्मन सरदारांनी मांस आणि कातडीसाठी ते तिकडे आणले. वाळूत बीळ खणणे सोपे, म्हणून टेकड्यांवर त्यांची वाडी बसवली गेली. न्यूबरोत दरवर्षी हजारोंच्या संख्येने ससे पकडले जात. माणूस गवत कापत होता, ससा ते कुरतडत होता आणि जागोजागी बिळे खणून वाळू उकरत होता. ज्या उघड्या, फुलांनी भरलेल्या टेकड्यांना पुढे निसर्ग म्हणून संरक्षण मिळाले, त्या अशा वापरातल्या जमिनी होत्या. पुढचा सगळा घोळ समजायचा तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

एका डॉक्टरचे अंगण आणि एक साथ

१९५२ च्या जूनमध्ये पॉल-फेलिक्स आर्माँ-दलील या फ्रेंच डॉक्टरांनी आपल्या मळ्यातले ससे आवरण्यासाठी मिक्सोमॅटोसिस या रोगाचा विषाणू दोन सशांना टोचला. हा विषाणू मूळचा दक्षिण अमेरिकेतला. ऑस्ट्रेलियाने १९५० मध्ये तो सशांविरुद्ध वापरला होता. मळ्याच्या कुंपणाने रोग अडणार नव्हताच. १९५३ मध्ये तो ब्रिटनमध्ये पोहोचला, १९५४ मध्ये न्यूबरोत आला आणि देशातील शंभरांपैकी पंच्याण्णवांहून अधिक ससे त्याने संपवले.

चार-सहा वर्षांत टेकड्यांचे रूप पालटू लागले. पूर्वी बोटभर उंचीचा असलेला गालिचा गुडघाभर गवताचा झाला आणि खळग्यांत सरपटणारी विलोची झुडपे पसरली. वाळलेल्या काडीकचऱ्याचा जाड थर खाली साचला. विसाव्या शतकाच्या मध्यावर न्यूबरोचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उघड्या, हलत्या टेकड्यांचा होता. १९९१ पर्यंत असा भाग सुमारे सहा टक्केच उरला. शिवाय १९४७ पासून सरकारी वनविभागाने पट्ट्याच्या मोठ्या भागात कॉर्सिकन पाइनची लागवड केली होती, ती वेगळीच.

दोष एकट्या सशांच्या माथी मारणे मात्र बरोबर होणार नाही. गवत कापणे थांबले, गावची गुरे टेकड्यांवर येईनाशी झाली, वाळू अडवण्यासाठी ठिकठिकाणी फांद्यांची कुंपणे घातली गेली, हवामान उबदार झाले. जगभरातील अनेक किनाऱ्यांवर गेल्या काही दशकांत टेकड्या हिरव्या होत चालल्याचे उपग्रहचित्रांतून दिसते आणि त्या सर्व ठिकाणी ससे नव्हते.

आकाशातून पडणारा युरिया

वाळू ही उपाशी जमीन आहे. तिच्यात नत्र जवळजवळ नसते आणि टेकड्यांवरील ठेंगण्या फुलझाडांचा टिकाव याच उपासमारीवर अवलंबून असतो, कारण भुकेल्या जमिनीत दांडगट गवते माजत नाहीत. हवेतून मात्र नत्र पडत असते. वाहने आणि कारखाने यांतून नायट्रोजनचे ऑक्साइड, आणि गोठे, शेणखत व रासायनिक खते यांतून अमोनिया हवेत जातो आणि पावसाबरोबर किंवा कोरडाच जमिनीवर उतरतो. एखाद्या अधिवासाला किती नत्र पचते, त्याची एक सहनमर्यादा शास्त्रज्ञांनी ठरवली आहे. करड्या टेकड्यांसाठी ती हेक्टरी वर्षाला साधारण दहा किलोच्या आसपास धरतात.

शेतकरी वाचकांना हा आकडा लगेच उमगेल. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत सुमारे वीस किलो. तेव्हा टेकडीची सहनमर्यादा म्हणजे हेक्टराला वर्षभरात अर्धी गोणी. उसाच्या फडात इतके खत टाकले तर शेजारी हसेल. पण वाळूच्या टेकडीवर दरवर्षी, न चुकता, पन्नास वर्षे अर्ध्या गोणीहून अधिक युरिया विस्कटत राहिले, तर तेथे गवताचे रान माजते. नेदरलँड्समध्ये पशुपालन अतिशय दाट आहे. संरक्षित अधिवासांवर नत्र पडत असताना नवे परवाने देण्याची तेथील पद्धत सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मे २०१९ मध्ये बेकायदा ठरवली आणि गोठ्यांवर निर्बंधांची टांगती तलवार आली. ट्रॅक्टर रस्त्यावर आले ते त्यानंतर. ज्या अधिवासांसाठी हा वाद पेटला, त्यांत किनाऱ्यावरच्या टेकड्याही आहेत. गोठ्यातल्या गुरांच्या अमोनियाने टेकडीवर गवत माजवायचे आणि ते खायला टेकडीवर दुसरी गुरे सोडायची, असा हा विचित्र फेरा आहे.

तट्टू नेमके काय करते

चराई म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर फक्त खाणे येते. टेकडीवर सोडलेले जनावर त्याखेरीज बरेच काही करते. उंच गवत खाल्ले गेले की जमिनीपर्यंत ऊन पोहोचते आणि आधी सावलीत गुदमरणारी बारीक रोपे डोके वर काढतात. खुरांनी वाळल्या काडीकचऱ्याचा थर फाटतो, उतारावर पाय घसरला की वाळूचा लहानसा तुकडा उघडा पडतो, आणि त्या तुकड्यात बी रुजते किंवा एखादी एकटी राहणारी मधमाशी बीळ करते. अंगावरच्या केसांतून आणि लिदेतून बिया एका खळग्यातून दुसऱ्यात जातात.

प्रत्येक जनावराची तऱ्हा वेगळी असते. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने गवताचा पुंजका ओढून तोडते, म्हणून मागे थोडी उंची राहते. घोड्याला दोन्ही जबड्यांत पुढचे दात असल्यामुळे तो जमिनीलगत कातरतो, भरड आणि निकृष्ट गवतही खातो, पण लीद ठरावीक ठिकाणीच टाकतो. मेंढी निवडून खाते आणि फुले तिला फार आवडतात, म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत तिला दूर ठेवावे लागते. इंग्लंडच्या सेफ्टन किनाऱ्यावर एन्सडेल येथे हर्डविक मेंढ्या हिवाळ्यात सोडण्याचे हेच कारण. शेळीचे काम झुडपांवर. ससा या सर्वांहून बारीक कारागीर, कारण तो गवत दोन-तीन सेंटीमीटरवर आणून ठेवतो आणि शिवाय खणतो. तट्टू सशाची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही, पण गुडघाभर गवत ते खाली आणते आणि मग उरलेसुरले ससे त्या कोवळ्या हिरवळीवर परत येतात, कारण सशाला उंच, राठ गवत आवडत नाही.

प्रमाण फार विरळ ठेवावे लागते. एका मोठ्या जनावरामागे कित्येक हेक्टर. कोणते जनावर, किती, कोणत्या महिन्यात, रात्री कोठे बसणार, पाणी कोठे पिणार, याचा हिशेब रोजच्या रोज जागेवर जाऊन करावा लागतो. उंटावरून शेळ्या हाकून होणारे हे काम नाही. एक बारकावा तर बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. जंतांवरची काही औषधे लिदेतून बाहेर पडून तशीच राहतात आणि शेणकिड्यांना मारतात. म्हणून औषध दिलेली जनावरे काही दिवस टेकडीवर न सोडणे बरे.

हे ठरवले कशावरून

गवताची उंची एका पावसाने बदलते. दोन-तीन वर्षांच्या पाहणीवरून चराईचा गुण सांगणे म्हणजे एका हंगामाच्या भावावरून कांद्याचे अर्थशास्त्र मांडण्यासारखे आहे. म्हणून येथे लांब मुदतीच्या नोंदींना मोल आहे. पद्धत तशी साधी: जमिनीवर कायमच्या खुणा करून चौकोन आखायचे, त्यात कोणती वनस्पती किती जागा व्यापते हे ठरावीक काळाने मोजायचे, आणि काही चौकोनांभोवती कुंपण घालून जनावरांना बाहेर ठेवायचे, म्हणजे तुलना करता येते.

न्यूबरोत १९८७ ते २००३ या काळात अशा नोंदी झाल्या. चराई सुरू झाल्यावर तेथे वनस्पतींची विविधता वाढली आणि ठेंगण्या फुलझाडांना जागा मिळाली. मात्र हलती, उघडी वाळू चराईने परत आली नाही. माझ्या मते या साऱ्या अनुभवातला हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. चराई टेकडीचे वय वाढणे लांबवते, पण टेकडीला पुन्हा तरुण करत नाही. जुन्या खळग्यातले गवत तट्टू आखूड ठेवील, परंतु नवा खळगा उकरणे हे वाऱ्याचे काम आहे आणि त्यासाठी वाऱ्याला उघडी वाळू लागते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या सँड्स ऑफ लाइफ या प्रकल्पात वेल्सच्या किनाऱ्यावरील अनेक टेकड्यांवर माती खरवडण्याचे आणि खाचा पाडण्याचे काम झाले, ते याच उणिवेपोटी. नेदरलँड्समध्ये हार्लेमजवळच्या झाउड-केनेमरलँड राष्ट्रीय उद्यानात समुद्राकडच्या रांगेत पाच मोठ्या खाचा त्याआधीच, २०१३ च्या सुमारास पाडल्या गेल्या होत्या.

जनावरांऐवजी गवत कापले तर?

कापणीचा एक मोठा फायदा आहे. कापलेले गवत उचलून नेले तर त्याबरोबर नत्रही जाते. चराईत मात्र खाल्लेले बरेचसे नत्र लिदेतून आणि मुतातून तेथेच परत पडते. म्हणूनच ओल्या, सपाट खळग्यांत आजही कापणी करतात. तिचे दोष दोन. यंत्र उंचसखल टेकडीवर चढत नाही आणि ते सगळे एकाच उंचीवर कापते. जनावराच्या चरण्यात एक प्रकारचा अव्यवस्थितपणा असतो, येथे आखूड, तेथे उंच, मध्ये उघडी पायवाट, आणि कीटकांना नेमका तोच हवा असतो.

मग आपली चराईबंदी चुकीची होती का?

नाही. हिवरे बाजारसारख्या गावांनी चराईबंदी केली ती उघड्या पडलेल्या डोंगरांवर, जेथे माती धुपून चालली होती आणि पाणी मुरत नव्हते. तेथे गवताचे आच्छादन वाढणे आणि माती तयार होणे हेच उद्दिष्ट होते. वाळूच्या टेकडीवर माती जाड होणे हीच तक्रार आहे. ताप आलेल्याला घोंगडी देणे आणि उष्माघात झालेल्याला देणे यांत जितका फरक, तितकाच हा. आपल्याकडचे जवळचे उदाहरण माळरानाचे आहे. सोलापूर-पुण्याकडील गवताळ माळ सरकारदरबारी पुष्कळदा पडीक म्हणून नोंदला गेला आणि त्यावर झाडे लावली गेली. वास्तविक माळढोक, चंडोल आणि लांडगा यांना तो उघडाच हवा होता आणि धनगरांच्या मेंढ्या त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चरत आल्या होत्या.

जनावरे जास्त झाली तर?

अ‍ॅमस्टरडॅमला १८५३ पासून पाणी पुरवणाऱ्या टेकड्यांचे उदाहरण यासाठी पाहण्याजोगे आहे. तेथे ठिपक्यांच्या फॅलो हरणांची शिकार बराच काळ बंद होती. त्यांची संख्या वाढत वाढत काही हजारांवर गेली आणि त्यांनी फुलझाडे इतकी फस्त केली की फुलपाखरांचीही उपासमार झाली. शेवटी २०१६ पासून हरणे मारून संख्या कमी करण्याचे काम सुरू झाले आणि त्यावर शहरात मोठा वाद झाला. पाळीव जनावराचा एक व्यावहारिक फायदा येथे दिसतो. कळप जास्त झाला तर ट्रकमध्ये घालून परत नेता येतो.

वाळू सुटली तर गाव गाडले जाईल, त्याचे काय?

न्यूबरोच्या लोकांनी हा प्रश्न विचारावा आणि १३३० ची आठवण काढावी, यात गैर काही नाही. उत्तर जागेच्या निवडीत आहे. ज्या रांगेच्या मागे मैलभर मोकळी टेकड्यांची जमीन आहे, तेथेच खाच पाडतात. घरे, रस्ते आणि शेती यांच्यालगतची रांग तशीच ठेवतात. शिवाय खाचेतून आत गेलेली वाळू नाहीशी होत नाही, ती मागच्या टेकड्यांवर साचून त्यांची उंची वाढवते, आणि समुद्राची पातळी चढत असताना ही उंची कामाची आहे. देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली असलेल्या नेदरलँड्सने ही जोखीम पत्करली, यावरून ती हिशेबात बसते असे म्हणता येईल. मात्र त्यासोबत तो देश १९९० पासून आपली किनारारेषा राखण्यासाठी समुद्रतळातून वाळू काढून किनाऱ्यावर ओततो, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरू नये.

निसर्गाला त्याच्या वाटेने जाऊ का देऊ नये?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि किनाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांतही त्यावर मतभेद आहेत. काहींचे म्हणणे असे की टेकडी स्थिर होणे हा अनुक्रमणाचा स्वाभाविक भाग आहे. आयती तयार झालेली वनस्पती यंत्राने उपटणे म्हणजे विसाव्या शतकातल्या एखाद्या छायाचित्राला आदर्श मानून निसर्गाला त्यात कोंबणे होय. सशांची वाडी माणसानेच बसवली होती, हे पाहता या म्हणण्यात तथ्य आहे. दुसरी बाजू अशी की आजची हिरवळ तरी कोठे स्वाभाविक आहे? ती विषाणूच्या साथीची, हवेतल्या खताची आणि लावलेल्या पाइनची हिरवळ आहे. पूर्वी समुद्र एका ठिकाणी टेकडी खात असे आणि दुसरीकडे नवी घडवत असे. आता दोन्ही बाजूंनी शेती, रस्ते आणि वस्ती असल्याने टेकड्यांना सरकायला जागाच नाही. अशा कोंडलेल्या जागेत ‘काहीही न करणे’ हाही एक निर्णयच ठरतो आणि त्याचा परिणाम ठाऊक आहे: सगळा पट्टा झुडपांचा होतो.

मला दुसरी बाजू अधिक पटते, पण मर्यादेत. जेथे खळग्यातली ऑर्किडे खरोखर संपत चालली आहेत, तेथे यंत्र आणावे; सरसकट नव्हे. न्यूबरोच्या पाइनमध्ये आता लाल खारी राहतात आणि गावकऱ्यांना ते जंगल प्रिय झाले आहे, म्हणून झाडे तोडण्याच्या प्रस्तावांना तेथे विरोध झाला. दोन निसर्गप्रेमी गटांनी एकमेकांसमोर उभे राहावे, अशी ही परिस्थिती आहे.

कोकणात आणि गोव्यात

ही सगळी उत्तरे उचलून आपल्या पुळणींवर आणता येत नाहीत. आपल्याकडे ससेवाड्या नव्हत्या आणि मॅरमही नाही. वाळू बांधून ठेवण्याचे काम मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा करतात, मागे केवडा असतो. आपल्या टेकड्यांचे दुखणेही वेगळे आहे. त्या हिरव्या होऊन म्हाताऱ्या होत नाहीत, त्या सपाट केल्या जातात. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्यांना सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात घातलेले असूनही गोव्यात त्या सपाट केल्याच्या तक्रारी वारंवार बातम्यांत येतात. तेथे गुरे सोडून काही सुधारणार नाही.

एक साम्य मात्र आहे आणि ते पाइनशी. वारा आणि वाळू अडवण्यासाठी आपल्या किनाऱ्यावर सुरूची बने लावली गेली. त्यांचा आडोसा गावांना उपयोगी पडतो, यात शंका नाही. पण सुरूच्या मुळांवरील गाठींतले सूक्ष्मजीव हवेतले नत्र जमिनीत आणतात आणि त्याच्या वाळलेल्या काडीसारख्या पाल्याचा जाड थर खाली साचतो, त्यात मर्यादवेलीला पसरायला जागा राहत नाही. वेल्सची टेकडी ज्या दोन गोष्टींनी बदलली, वाढलेले नत्र आणि साचलेला पालापाचोळा, त्या येथे एकाच झाडाने येतात. त्यामुळे पुढचे बन लावताना समुद्राकडचा पट्टा वेलींसाठी मोकळा सोडावा आणि झाडे मागे घ्यावीत, एवढे तरी करता येण्याजोगे आहे.

दुसरे करता येण्याजोगे काम म्हणजे मोजणी, आणि तिचा पाठ न्यूबरोतच आहे. डेरेक रॅनवेल हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील टेकड्यांवरच्या वनस्पतींच्या नोंदी करत होते. त्यांना ससे संपणार हे ठाऊक नव्हते. ते टेकडी कशी घडते, एवढेच पाहत होते. मग १९५४ मध्ये साथ आली, त्यांनी पुन्हा मोजणी केली आणि १९६० मध्ये सशांविना झालेले बदल प्रसिद्ध केले. साथीच्या आधीचे ते आकडे हाताशी नसते, तर गवत नेमके कशाने वाढले, हा वाद आजही चालू राहिला असता.